स्लायडर शेवटपर्यंत ओढा: फोटो एडिटिंगमधले प्रयोग आणि त्यांची गोडी

एक्स्पोजर जरा वर, कॉन्ट्रास्ट +१५, व्हायब्रन्स +१०, सेव्ह. बहुतेकांचं एडिटिंग या चार हालचालींत उरकतं आणि मग तक्रार सुरू होते की सगळे फोटो एकसारखेच दिसतात. दिसणारच. स्लायडर +१५ च्या पुढे कधी गेलाच नाही, तर तो पुढे काय करतो हे कळायला मार्ग नाही.

हात आखडतो तो मुख्यतः दोन कारणांनी. एक, चांगला फोटो बिघडेल ही धास्ती. दोन, समोर शंभर बटणं आणि कुठून सुरुवात करायची याचा पत्ता नाही. पहिल्यावर उपाय फाइल कशी ठेवायची यात आहे, दुसऱ्यावर पर्याय मुद्दाम कमी करण्यात. ही दोन कामं आधी उरकून घेऊ, मग खेळ.

आधी परतीची सोय

मूळ फाइलला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम कडक पाळायचा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा डेटा) असेल तर काळजी नाही, कारण लाइटरूम किंवा डार्कटेबलसारखे प्रोग्रॅम तुमचे बदल सूचनांच्या रूपात वेगळे लिहून ठेवतात आणि फाइल जशीच्या तशी राहते. त्यांत एकाच फोटोच्या हव्या तेवढ्या आभासी प्रती काढता येतात. त्या डिस्कवर जवळजवळ जागा घेत नाहीत, त्यामुळे कंजुषी नको.

फोटोशॉप किंवा गिंपमध्ये काम असेल तर सगळ्यात खालचा लेयर (फोटोचा थर) लॉक करा आणि त्याच्या प्रतीवर काम करा (फोटोशॉपमध्ये कंट्रोल + जे). कर्व्ह, लेव्हल्स वगैरे बदल फोटोशॉपमध्ये ॲडजस्टमेंट लेयर म्हणून, म्हणजे वेगळ्या थरात लावा, त्यामुळे तासाभरानेही ते उघडून आकडा बदलता येतो. ब्लरसारखे फिल्टर लावण्याआधी लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्या, म्हणजे फिल्टरचा आकडाही नंतर बदलता येतो. नाहीतर ३० पिक्सेलचा ब्लर लावला, पुढे दहा पायऱ्या झाल्या आणि मग वाटलं की १८ हवा होता, तर सगळं मुळापासून करावं लागतं. गिंपमध्ये फिल्टर नंतर बदलण्याची सोय ३.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२५ पासून आली. जुनी आवृत्ती असेल तर प्रत्येक फिल्टरआधी लेयरची प्रत काढा, एवढं पुरतं.

फोनवर काम करणाऱ्यांनी ‘प्रत सेव्ह करा’ हाच पर्याय निवडायचा. जेपीईजी उघडून, बदलून, पुन्हा जेपीईजीतच सेव्ह करत राहिलं तर दर वेळी थोडा तपशील गळतो. अशा बऱ्याच फेऱ्यांनंतर कडांभोवती मळकट ठिपके दिसू लागतात. अधलीमधली फाइल टिफ, पीएसडी किंवा एक्ससीएफ या तपशील न गाळणाऱ्या फॉरमॅटमध्ये ठेवा.

आता बिट्सचा मुद्दा. तो कंटाळवाणा वाटतो, पण प्रयोग फसण्याचं सर्वांत मोठं कारण तोच आहे. जेपीईजी ८ बिटची असते, म्हणजे प्रत्येक रंगाला काळ्यापासून पूर्ण तेजापर्यंत २५६ पायऱ्या. १२ बिट रॉमध्ये ४,०९६ असतात, १४ बिटमध्ये १६,३८४. हलक्या बदलांना २५६ पायऱ्या पुरतात. पण प्रयोग म्हणजे ओढाताण, आणि ताणलं की पायऱ्यांमधल्या फटी दिसतात. निळ्या आभाळात पट्टे उमटतात ते याचमुळे. म्हणून रॉ असेल तर रॉच घ्या आणि फाइल १६ बिटमध्ये उघडा. जेपीईजी १६ बिटमध्ये बदलल्याने गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत, मात्र पुढची गळती कमी होते.

शेवटचं, स्क्रीन. रात्री आपोआप पिवळी होणारी सोय आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे रंग बदलणारी सोय, दोन्ही बंद करा. रात्री अकराला झकास जमलेला रंग सकाळी निळसर-मुडदुशी दिसला, तर नव्वद टक्के दोष या पिवळ्या स्क्रीनचा.

कोणता फोटो घ्यावा

सगळ्यात लाडका फोटो नको. त्याच्यात जीव अडकलेला असतो आणि स्लायडर ४० च्या पुढे जात नाही. मधलाच एखादा घ्या, जो डिलीट करावासा वाटत नाही आणि कुणाला दाखवावासाही वाटत नाही. आकार ठळक असलेला असावा: उजेडासमोरचं झाड, पायऱ्या, सायकल, खिडकी, भिंतीवरची सावली. गर्दीचा, बारीक तपशिलांनी गच्च भरलेला फोटो सुरुवातीला नको, त्यात काय बदललं तेच दिसत नाही. चेहरेही थोडे दिवस बाजूला ठेवा. झाडाचं खोड जांभळं झालं तर डोळा चालवून घेतो, गालावर किंचित हिरवी छटा आली तरी ती लगेच खटकते.

एक बैठक कशी बसवावी

चाळीस मिनिटं, एक फोटो, एक साधन, नऊ प्रती. नऊ अशासाठी की शेवटी तीन बाय तीनच्या चौकटीत मांडून एका नजरेत पाहता येतात.

पहिल्या दोन प्रती टोकांच्या. निवडलेलं साधन एकात पार उजवीकडे, दुसऱ्यात पार डावीकडे. परिणाम भीषणच असेल, तो असू द्या. टोकाला गेल्यावरच कळतं की हे साधन फोटोतल्या कोणत्या भागाला पकडतं. क्लॅरिटी +१०० केली की लक्षात येतं, ती मधल्या छटांच्या कडांना धरते आणि आभाळासमोरच्या फांद्यांभोवती पांढरी प्रभा काढते. +१५ ला हीच प्रभा असते, फक्त दिसत नाही.

पुढच्या तीन प्रती परतीच्या वाटेवरच्या: टोकाच्या अर्ध्यावर, पाव भागावर, आणि जिथे परिणाम जेमतेम जाणवतो तिथे. उरलेल्या चारांत त्याच साधनाची जागा बदला. फक्त सावल्यांवर, फक्त उजळ भागावर, मास्क (परिणाम कुठे दिसावा हे ठरवणारा पडदा) लावून फक्त विषयावर, आणि विषय सोडून बाकी सगळ्यावर.

या चाळीस मिनिटांत काही विचित्र झालं तर अनडू दाबायचं नाही. प्रत काढायची, तिला नाव द्यायचं आणि पुढे जायचं. नाव असं द्या की महिन्याने उलगडेल: ‘झाड_कर्व्ह_उलटा_०३’. ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘फायनलखरंच’ या नावांनी आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

आता साधनं. खालचे चार प्रयोग आलटूनपालटून केले तरी महिनाभर पुरतात.

कर्व्ह वाकवून उलटा करणे

कर्व्हच्या चौकटीत आडवी रेघ मूळ उजेड दाखवते आणि उभी रेघ नवा उजेड. नेहमीचा कर्व्ह डावीकडून उजवीकडे चढत जातो. तो मध्येच वळवून खाली आणला की काळं काळंच राहतं, मधलं करडं पांढरं होतं आणि मूळ पांढरं पुन्हा काळं पडतं. डार्करूममध्ये अर्धवट डेव्हलप झालेल्या प्रिंटवर क्षणभर उजेड पडला की असंच काहीसं होई. छायाचित्रकार मॅन रे आणि ली मिलर यांनी १९२९ च्या सुमारास त्याचा मुद्दाम वापर केला. आज त्यासाठी तीन बिंदू पुरतात.

फोटो आधी कृष्णधवल करा. कर्व्ह उघडा. डावं टोक (०, ०) वर राहू द्या (पहिला आकडा मूळ उजेड, दुसरा नवा), मध्ये (१२८, २५५) वर बिंदू ठेवा आणि उजवं टोक ओढून (२५५, ०) वर आणा. फोटो ओळखू येणार नाही. आता मधला बिंदू सावकाश डावी-उजवीकडे सरकवा. तो ९० वर नेला की गडद भागातला तपशील उजळ होऊन वर येतो, १७० वर नेला की फक्त आभाळ, पांढरे कपडे आणि चकाकणारे पृष्ठभाग उलटतात. सगळी गंमत या सरकवण्यात आहे. एखाद्या ठिकाणी आकार अचानक कापून काढल्यासारखा सुटा होतो, तिथे थांबा.

यात दोन गोष्टी बिघडतात. एक, पट्टे. तीन बिंदूंच्या या कर्व्हचा उतार सरासरी दुप्पट आहे, म्हणजे १२८ पायऱ्या २५६ च्या जागेत पसरतात आणि ८ बिट फाइलमध्ये एकाआड एक पायरी रिकामी राहते. हिस्टोग्राम (उजेडाच्या पायऱ्यांचा आलेख) कंगव्यासारखा दातेरी दिसला की समजायचं. १६ बिटमध्ये काम करा, आणि ते शक्य नसेल तर शेवटी वरून थोडा ग्रेन (दाणेदार पोत) टाका, पट्ट्यांच्या कडा विरतात. दोन, सावल्यांतला नॉइज, म्हणजे नको असलेले ठिपके. कर्व्ह जिथे जास्त उभा तिथे नॉइजही तेवढाच वाढतो, म्हणून नॉइज कमी करायचा तो कर्व्हच्या आधी, नंतर नाही.

मग हाच कर्व्ह रंगीत फोटोवर लावा. लाल, हिरवा आणि निळा प्रत्येक जण आपापल्या वेळी शिखर ओलांडतो, त्यामुळे रंग पिसाटतात. रंग मूळचे ठेवून फक्त उजेड उलटायचा असेल तर कर्व्हच्या ॲडजस्टमेंट लेयरचा ब्लेंड मोड (वरचा लेयर खालच्यात कसा मिसळावा ते) लुमिनॉसिटी करा.

फोटो स्वतःवरच चढवणे

मल्टिप्लाय आणि स्क्रीन हे दोन ब्लेंड मोड समजले की बाकीचे बरेचसे उलगडतात. मल्टिप्लायमध्ये दोन लेयरच्या किमतींचा गुणाकार करून २५५ ने भागतात, म्हणून १२८ वर १२८ ठेवले की ६४ येतात, फोटो गडद होतो. स्क्रीन त्याच्या उलट: तेच १२८ तिथे १९२ होतात.

छायाचित्रकार मायकेल ऑर्टन यांनी १९८० च्या दशकात दोन स्लाइड एकमेकींवर ठेवून एक पद्धत बसवली. एक स्पष्ट, एक आउट ऑफ फोकस, दोन्ही जास्त उजळ टिपलेल्या. दोन स्लाइडमधून उजेड आरपार जाणं म्हणजेच मल्टिप्लाय. कंप्युटरवर ती अशी करता येते:

१. मूळ लेयरच्या दोन प्रती काढा, वरच्या प्रतीचा मोड स्क्रीन करा, या दोन प्रती मर्ज करा; मूळ लेयर खाली तसाच राहू द्या. फोटो फिकट, उडालेला दिसेल. बरोबर आहे.
२. या उजळ लेयरची प्रत काढा आणि तिला गॉशियन ब्लर द्या.
३. तिचा मोड मल्टिप्लाय करा.

इथे नेमकं काय होतं ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. मूळ ६४ ची छटा स्क्रीनने ११२ होते आणि मल्टिप्लायने ४९ वर येते. १२८ चे शेवटी १४५ होतात, १९२ चे २२५. म्हणजे गडद भाग आणखी गडद, उजळ भाग आणखी उजळ. हीच गोष्ट तिन्ही रंगांत वेगवेगळी घडते, त्यामुळे रंगही आपोआप दाट होतात, सॅच्युरेशनला (रंगांच्या दाटपणाच्या स्लायडरला) हातही न लावता. त्यावर ब्लरचा धूसरपणा, आणि धुक्यातल्या झाडीला स्वप्नासारखी झाक येते.

ब्लर किती, हा प्रश्न पिक्सेलांत विचारू नका, फोटोच्या रुंदीच्या प्रमाणात विचारा. रुंदीच्या अर्धा टक्का ही चांगली सुरुवात. ६,००० पिक्सेल रुंद फोटोला ३०, १,५०० रुंद फोटोला साधारण ८. छोट्या फोटोला ३० दिला की कडा नाहीशा होतात आणि ‘भिंग पुसायला विसरले वाटतं’ असा भास होतो. उजळ आणि ब्लर केलेला असे दोन्ही लेयर एका ग्रुपमध्ये घ्या; त्या ग्रुपची ओपॅसिटी (अपारदर्शकता) बहुतेक वेळा २५ ते ४० टक्क्यांत बरी वाटते, पण आधी १०० वर पाहून घ्याच. सावल्या बुडाल्या असतील तर मास्कवर मऊ ब्रशने काळा रंग मारून तिथला परिणाम कमी करा. चेहरा असेल तर डोळे आणि ओठ याच मार्गाने मोकळे करा.

तीन क्षण, एक फोटो

१८६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून काढलेले फोटो एकत्र पाडून रंगीत चित्र दाखवलं. त्या पद्धतीत विषय हलला तर रंगांच्या कडा फुटतात. मग त्या मुद्दामच फोडल्या तर? कोडॅकच्या रॉबर्ट हॅरिस यांच्या नावाने ओळखला जाणारा हॅरिस शटर इफेक्ट म्हणजे हेच.

कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअल. एकही ऑटोवर राहिलं तर तीन फोटोंत फरक पडतो आणि स्थिर भिंतीवरही रंगाची झाक चढते, मग ती काढत बसावं लागतं. तीन फोटो काढा. ढगांसाठी मध्ये १० ते ३० सेकंद सोडा, चालणाऱ्या माणसांसाठी २-३, लाटांसाठी एक सेकंद पुरे.

तिन्ही फोटो एका फाइलमध्ये लेयर म्हणून आणा. रंग काढू नका, रंगीतच ठेवा. फोटोशॉपमध्ये मधल्या लेयरवर डबल क्लिक करून ब्लेंडिंगच्या पर्यायांत आर (लाल) आणि बी (निळा) वरची खूण काढा. वरच्या लेयरवर आर आणि जी (हिरवा) वरची. खालच्याला हात लावू नका. झालं. गिंपमध्ये प्रत्येक फोटोवर अनुक्रमे शुद्ध लाल (२५५, ०, ०), हिरव्या (०, २५५, ०) आणि निळ्या (०, ०, २५५) रंगाचा लेयर मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवून मर्ज करा. मग वरच्या दोघांचा मोड स्क्रीन करा.

जे हललं नाही ते नैसर्गिक रंगात राहतं, कारण त्याचे तिन्ही हिस्से बरोबर एकमेकांवर बसतात. जे हललं ते रंगांत फुटतं. कोणत्या, ते पार्श्वभूमीवर अवलंबून आहे. गडद पार्श्वभूमीवर उजळ वस्तू सरकली तर लाल, हिरवा आणि निळा ठसा पडतो. उजळ पार्श्वभूमीवर गडद वस्तू सरकली तर प्रत्येक ठिकाणी एक रंग अडतो, म्हणून निळसर-हिरवा, गुलाबी-जांभळा आणि पिवळा. एवढं ठाऊक असलं की फोटो काढतानाच रंग निवडता येतात.

स्थिर वस्तूंनाही रंगीत कड दिसली तर ट्रायपॉड हलला आहे. वरचे दोन लेयर एकेक पिक्सेल सरकवून जुळवा.

दोन रंगांचा फोटो

ग्रेडियंट मॅप फोटोतला फक्त उजेड मोजतो आणि त्या जागी तुमचे रंग भरतो. गडद टोकाला (१०, ३०, ७०) असा खोल निळा आणि उजळ टोकाला (२४५, २४०, २२५) असा मलईदार पांढरा दिला की सायनोटाइपची आठवण येते. ही निळी छपाईची पद्धत शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली.

फोटो चपटा पडला तर तुमचे दोन रंग वेगळे असूनही सारखेच उजळ आहेत असं समजा. वर एक कृष्णधवलचा लेयर तात्पुरता ठेवून पाहा, तिथे कॉन्ट्रास्ट नसेल तर गडद टोक आणखी गडद करा. मध्ये तिसरा रंग घालायचा तर त्याचा उजेड दोघांच्या मधला असावा. तो उजळ टोकापेक्षाही उजळ झाला, तर वर पाहिलेला उलटा कर्व्ह नकळत तयार होतो. तो मुद्दाम हवा असेल तर अर्थातच घ्या.

पूर्ण दोन रंगी फोटो फार झाला असं वाटलं तर लेयरचा मोड कलर किंवा सॉफ्ट लाइट करून ओपॅसिटी ३० वर आणा.

तयार प्रीसेट उसवून पाहा

प्रीसेटला (स्लायडरच्या ठरवून ठेवलेल्या आकड्यांच्या संचाला) नाकं मुरडण्याचं कारण नाही. पण लावून सोडून देण्यापेक्षा तो उसवण्यात जास्त मजा आहे. प्रीसेट लावा आणि मग एकेक पॅनेल बंद करत जा: आधी ग्रेन, मग कर्व्ह, मग रंगांचे स्लायडर. एका पॅनेलवर पोचल्यावर फोटो एकदम साधा होतो. प्रीसेटची जादू तिथे होती, बाकीची सजावट. सिनेमासारख्या दिसणाऱ्या कितीतरी प्रीसेटमध्ये हे कर्व्हचं डावं टोक असतं, शून्यावरून १५-२५ वर उचललेलं. शुद्ध काळं नाहीसं होतं आणि सावल्या धुरकट होतात. एवढंच! हा बिंदू स्वतः उचलता आला की तो प्रीसेट विकत घ्यायची गरज उरत नाही.

निवड दुसऱ्या दिवशी

पाच-दहा मिनिटं पिवळसर फोटोकडे पाहत राहिलं की डोळा त्या पिवळ्यालाच पांढरं मानू लागतो. म्हणून सॅच्युरेशन नकळत चढत जातं आणि प्रत्येक वेळी ‘अजून थोडं’ वाटतं. बैठकीनंतर लगेच निवड करू नका. दुसऱ्या दिवशी नऊही प्रती करड्या पार्श्वभूमीवर मांडा, प्रत्येकी २०० पिक्सेलएवढ्या लहान. त्या आकारात तपशील दिसत नाही, फक्त आकार आणि उजेडाची मांडणी उरते. त्यातली जी उठून दिसते ती मोठी करून पाहा. संशय असेल तर फोटो आडवा उलटवा, सवयीने न दिसणारा कललेला तोल लगेच दिसतो.

आवडलेल्या प्रतीचे आकडे वहीत टिपा: साधन, किंमत, मोड, ओपॅसिटी. न आवडलेल्यांचेही एका ओळीत, कारणासह. ‘क्लॅरिटी ६० च्या पुढे, फांद्यांना प्रभा’ ही नोंद पुढच्या वेळी दहा मिनिटं वाचवते.

बातमीसाठी किंवा नोंद म्हणून काढलेल्या फोटोंवर यातलं काही करायचं नाही. स्पर्धेला पाठवताना नियम वाचा, बऱ्याच ठिकाणी मूळ रॉ फाइल मागतात आणि जोडलेले फोटो वेगळ्या गटात घेतात.

बाहेर काढताना

क्रम महत्त्वाचा: आधी आकार लहान करा, मग शार्प करा, सगळ्यात शेवटी ग्रेन. मोठ्या फोटोवर टाकलेला ग्रेन लहान करताना विरून जातो आणि त्याने झाकलेले पट्टे पुन्हा डोकं वर काढतात. वेबसाठी रंगांची जागा (कलर स्पेस) एसआरजीबी ठेवा, नाहीतर काही स्क्रीनवर रंग मरगळलेले दिसतील. जेपीईजीची क्वालिटी ८५ ते ९० ठेवा. ग्रेन असलेल्या फोटोत त्याखाली गेलं की दाणे वितळून चिखल होतो.

छापायचं असेल तर खोल निळे आणि भडक जांभळे स्क्रीनवर दिसतात तसे कागदावर उतरत नाहीत, आणि सावल्या जवळपास नेहमीच जास्त गडद येतात. पूर्ण आकारात छापण्याआधी फोटोतला सगळ्यात गडद आणि सगळ्यात रंगीत भाग येईल अशी हातभर पट्टी त्याच कागदावर छापून घ्या, शेजारी तीच पट्टी सावल्या थोड्या उजळ करून. दोन्ही दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरून पाहा आणि मग पूर्ण फोटो पाठवा.